घर-तपासणीनंतर ग्राहकाची तक्रार आली, तर कोणत्या क्रमाने काय बघायचं

घर घेण्याआधी किंवा ताबा घेताना घराची तपासणी करून अहवाल देण्याचं काम मी सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात करतो. घरातले बिघाड घरागणिक वेगळे असतात. अहवाल दिल्यावर काही महिन्यांनी ग्राहकाचा रागाचा फोन येणं हा आमच्या कामातला बिघाड मात्र वर्षानुवर्षं तोच आहे, आणि त्याची कारणंही बहुतेक तीच. नव्याने या कामात आलेली मुलं मला विचारतात की अशा वेळी काय बोलायचं. माझं म्हणणं असं की बोलण्याआधी तपासायचं. दोष कशाचा हे कळण्याआधी दिलेल्या उत्तराने जेवढं नुकसान होतं, तेवढं सुटलेल्या दोषानेही होत नाही. म्हणून तक्रारही ओल शोधावी तशीच शोधावी. आधी लक्षण, मग बिनखर्चाच्या गोष्टी आणि फोडाफोड सगळ्यात शेवटी.

लक्षणं

ग्राहक काय म्हणतोय ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. शब्दांवरून कारणाचा अर्धा अंदाज येतो.

"तुम्ही बघून गेलात तेव्हा भिंत कोरडी होती, आता येऊन बघा." हा फोन जून ते ऑगस्टमध्ये येतो आणि तपासणी मार्च-एप्रिलमध्ये झालेली असते. इथे ऋतूचा संबंध आधी बघायचा.

"अहवालात हे लिहिलंच नाही." बऱ्याचदा लिहिलेलं असतं. ग्राहकाने पहिली दोन पानं वाचून बाकीचा अहवाल खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवून दिलेला असतो.

"लिहिलं होतं हो साहेब, पण एवढं मोठं निघेल असं कुठं म्हणालात?" ही तक्रार मी सगळ्यात गंभीर धरतो. यात ग्राहक खरं बोलत असतो आणि अहवालही खरा असतो. दोघांच्या मधलं वाक्य कच्चं असतं.

"आमचा मिस्त्री म्हणतो, इंजिनिअरला हे दिसायलाच पाहिजे होतं." म्हणजे फोडकाम सुरू झालंय किंवा आज-उद्या होणार आहे. इथे वेळ कमी असतो.

"या घरात पुराचं पाणी आलं होतं म्हणे." सांगलीत हे शेजाऱ्यांकडून कळतं, आणि ते कळेपर्यंत व्यवहार पूर्ण झालेला असतो.

आणि एक लक्षण आवाज न करणारं. ग्राहक आपल्याला काहीच बोलत नाही, पण ज्या एजंटने काम दिलं तो फोन करून म्हणतो, "त्या पार्टीचं जरा बघा हो." किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो. अशा वेळी ग्रुपवर एक शब्दही लिहू नका. ग्राहकाला सरळ फोन करा. चारचौघांत उत्तर दिलं की माघार घेणं दोघांनाही जड जातं.

पहिलं काम: फोन, त्याच दिवशी

याला काही खर्च नाही आणि निम्म्या तक्रारींचा सूर इथेच बदलतो. फोन उचलता आला नसेल तर संध्याकाळपर्यंत उलट फोन गेलाच पाहिजे. आयुष्यभराची पुंजी आणि वर वीस वर्षांचं कर्ज घालून माणसाने घर घेतलेलं असतं. भिंतीवर डाग दिसल्यावर त्याला रात्री झोप लागत नाही. त्यात आपण फोन टाळला की त्याला वाटतं, यांना आधीपासून माहीत होतं.

पलीकडे निवृत्त शिक्षक असतील आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या भरवशावर घर घेतलं," तर आपलं उत्तर एवढंच असावं: "काका, सांगा. कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला, आणि पहिल्यांदा कधी दिसलं?" माणूस तारीख आठवायला लागला की आवाज आपोआप खाली येतो.

पहिल्या फोनवर दोन वाक्यं अजिबात बोलायची नाहीत. एक, "ते आमच्या तपासणीत येत नाही." खरं असलं तरी नाही. ऐकणाऱ्याला ते दार लावल्यासारखं वाटतं आणि पुढचं काहीच त्याच्या कानात शिरत नाही. दुसरं, "चुकलं आमचं, बघतो." अजून भिंत बघितलेली नाही, तर चुकलं की नाही हे तुम्हाला कसं कळलं? हे वाक्य पुढे नोटिशीत जसंच्या तसं येतं.

मागायचं ते एवढंच. खोलीच्या दारातून काढलेला एक लांबचा फोटो, डागाचा किंवा भेगेचा पट्टी ठेवून काढलेला एक जवळचा फोटो, आणि तपासणीनंतर घरात काय काय बदललं ते. नवीन गीझर, बाल्कनीत बसवलेलं वॉशिंग मशीन, गच्चीवर बोल्ट मारून लावलेले सोलर पॅनेलचे स्टँड, शेजारच्या प्लॉटवर खणलेला पाया. यातली एकेक गोष्ट तक्रारीचं मूळ असू शकते.

त्याच फोनवर एक विनंती करायची: "मी बघेपर्यंत काही फोडू नका." कारण सांगा, नाहीतर ती टाळाटाळ वाटते. मिस्त्रीने फरशी उखडली, जुना पाइप काढून टाकला आणि नवीन बसवला, की पाणी नेमकं कुठून येत होतं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. ना आपल्याला, ना ग्राहकाला बिल्डरपुढे. काम आधीच सुरू झालं असेल तर ते थांबवायला लावा, उघड्या भागाचे फोटो मागवा आणि काढलेले तुकडे, जॉइंट, एल्बो (पाइपाचे वळणाचे तुकडे) पोत्यात भरून ठेवायला सांगा. स्विचबोर्डात पाणी उतरत असेल, छताचा गिलावा लोंबत असेल, तर मात्र माझी वाट बघू नका म्हणून सांगायचं. मेन स्विच बंद करायचा, खोली रिकामी करायची.

दुसरं: आपलाच अहवाल, नव्याने

ग्राहकाकडे जायच्या आधी अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचा, आणि त्या दिवशी काढलेले सगळे फोटो बघा. अहवालात न घेतलेले फोटो सगळ्यात मोलाचे असतात. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फोटोच्या कोपऱ्यात तीच भिंत दिसते, आणि तिच्यासमोर चार दारांचं लाकडी कपाट उभं असतं. कपाट भिंतीला टेकलेलं होतं, त्यामागची भिंत त्या दिवशी दिसतच नव्हती, हे त्या फोटोने एका क्षणात सांगितलं जातं. म्हणून मी प्रत्येक खोलीचे चारही कोपरे घेतो, दोष असो वा नसो, आणि मूळ फोटो कधी पुसत नाही.

वाचल्यावर तीनच निष्कर्ष निघू शकतात. दोष लिहिलेला आहे, किंवा लिहिलेला नाही पण फोटोत दिसतोय, किंवा त्या दिवशी तो दिसण्यासारखाच नव्हता. इथून पुढे तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. फोटोत दिसणाऱ्या पण न लिहिलेल्या दोषाचं सातव्या कामात येईल, दिसण्यासारखा नसलेल्याचं तिसऱ्या-चौथ्यात.

लिहिलेला असेल तर "पान सात बघा" असा मेसेज पाठवून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करू नका. पान सातवर काय लिहिलंय ते आधी आपण ग्राहक होऊन वाचा. आमच्या धंद्यात असली वाक्यं फार चालतात: "बाथरूमलगतच्या भिंतीवर अल्प प्रमाणात ओलसरपणा आढळला. निरीक्षण आवश्यक." पहिल्यांदा घर घेणाऱ्या माणसाला यातून काय कळणार? 'अल्प' म्हणजे काळजी नको असं तो समजतो, आणि 'निरीक्षण' कुणी, किती दिवस, कशाचं करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तेच असं लिहिलं असतं तर? "बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला जमिनीपासून साधारण फूटभर ओल आहे. पाणी बाथरूमच्या फरशीखालून किंवा भिंतीतल्या पाइपातून येत असावं. ताबा घेण्याआधी बिल्डरकडून दोन्हींची चाचणी करून घ्या. फरशी उखडायची वेळ येऊ शकते, त्याचा खर्च व्यवहारात धरा." आता चार ओळींत कुठे, किती, कशामुळे, काय करायचं आणि खिशाला किती झळ, सगळं आलं.

ग्राहकाला भेटल्यावर ते पान त्याच्यासमोर उघडा आणि म्हणा, "ही ओळ याबद्दलच होती. तिचा अर्थ तुम्हाला नीट पोचला नाही, आता मी सविस्तर सांगतो." अहवाल बरोबर होता हेही त्यात येतं आणि त्याला खोटं पाडणंही होत नाही.

तिसरं: कामाचं पत्र

तपासणीआधी सही घेतलेलं पत्र काढा. डोळ्यांना दिसणारा आणि हात पोचणारा भागच तपासला जाईल, काही फोडलं जाणार नाही, सामानामागचा आणि बंद खोलीतला भाग येणार नाही, असं त्यात असतं. पत्र महत्त्वाचं आहेच, पण ते सही कधी झालं ते आधी बघा. पैसे घेतल्यावर किंवा अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापून दिलं असेल, तर त्याच्या आडोशाला उभं राहू नका. ते टिकत नाही आणि शोभतही नाही.

चौथं: ऋतू, माती, पाणी

ही तपासणी टेबलावर बसूनच होते, पण आपल्या भागात तक्रारीचं खरं कारण सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं.

सांगलीकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शामरावनगरसारख्या भागात पावसाळ्यात पाणी दिवसेंदिवस साचून राहतं. हलक्या पायावर बांधलेलं बैठं घर मातीबरोबर थोडं वर-खाली होतं. एप्रिलमध्ये जोत्याला आणि कंपाउंडच्या भिंतीला भेगा दिसतात, ऑगस्टमध्ये त्या मिटतात आणि त्याऐवजी दारं घासायला लागतात. त्यामुळे तपासणीची तारीख आणि तक्रारीची तारीख शेजारी शेजारी मांडा. सप्टेंबरमध्ये बघितलेल्या घराला मेमध्ये जोत्यावर भेग दिसली, तर ती तेव्हा मिटलेली असू शकते. हे सांगताना सबब वाटू नये, म्हणून नव्या अहवालात मी एक ओळ कायम घालतो: ही तपासणी अमुक ऋतूत झाली, तमुक ऋतूत दिसणारे हे दोष आज दिसणार नाहीत.

साताऱ्यात गाऱ्हाणं वेगळं असतं. वाऱ्यासह येणारा पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतींना झोडपतो. तिथल्या खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, चज्ज्याच्या वरची रेघ आणि पॅराफिटचा (गच्चीच्या कठड्याचा) जॉइंट यांतून पाणी आत येतं. एप्रिलमध्ये हे कोरडं ठणठणीत असतं. शाहूनगर, गोडोलीकडे अजिंक्यताऱ्याच्या उतारावर जी घरं आहेत, त्यांच्या डोंगराकडच्या भिंतीला पावसाळाभर मागून पाणी टेकलेलं असतं. अशा भिंतीला आतून कितीही वॉटरप्रूफिंगचा रंग मारला तरी तो फुगून येणार. पाण्याला मागून वाट काढून द्यावी लागते, आणि हे ग्राहकाला लगेच सांगितलं तर त्याचे रंगाचे पैसे वाचतात.

कराड-पाटणकडे आणखी एक प्रकार आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तिथले लोक विसरलेले नाहीत, आणि लहान धक्के अधूनमधून बसतात. धक्का बसला की माणूस प्रथमच भिंतींकडे निरखून बघतो आणि जुनी भेग त्याला नवी वाटते. भेगेच्या आत टॉर्च मारा. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ती ताजी. आत धूळ, रंगाचा थर किंवा कोळ्याचं जाळं असेल तर ती जुनीच आहे.

पुराबद्दल थोडं सविस्तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. त्यानंतर कितीतरी घरांना पुट्टी आणि रंग देऊन ती विकली गेली. विटेत मुरलेले क्षार मात्र तिथेच राहतात. भिंत वाळत जाते तसे ते पृष्ठभागावर येतात, आणि मग कमरेएवढ्या उंचीवर घरभर एकाच पातळीत रंग फुगतो, लोणा लागतो. ताज्या रंगाखाली हे तपासणीच्या दिवशी दिसत नाही. पण मीटरच्या खोक्याच्या मागची भिंत, जिन्याखालचा कोनाडा, लाकडी चौकटीचा खालचा भाग, कंपाउंडची आतली बाजू या जागा रंगवणारा सोडतो. जुने फोटो काढून या जागा त्यात आहेत का ते बघा. गावभाग, सांगलीवाडी, दत्तनगर अशा ठिकाणच्या घरासाठी पुराची रेघ विचारणं आणि ती अहवालात नोंदवणं हे आपलं काम आहे, असं मी मानतो. ते राहिलं असेल तर तक्रार रास्त आहे.

पाचवं: पुन्हा घरी जाऊन बघणं

ही भेट फुकट करा. अर्धा दिवस जातो, पण न जाता केलेल्या दहा फोनपेक्षा ती स्वस्त पडते. ग्राहक स्वतः हजर असताना जा, आणि जमल्यास त्याच्या मिस्त्रीलाही बोलवा. मिस्त्रीचा अपमान होईल असं काही बोलू नका. त्याने हाताने शेकडो बाथरूम केलेली असतात, आणि त्याला चाचणीत सामील करून घेतलं की तोच पुढे आपल्या बाजूने बोलतो.

घरात गेल्यावर पुन्हा सोप्यापासून सुरुवात.

ओल बाहेरून येते की खोलीतल्या दमट हवेने भिंतीवर जमते हे बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतली. पावसाळ्यात बंद खोल्यांत दुसरा प्रकार खूप असतो, आणि त्याला उपाय खिडकी उघडणं एवढाच आहे.

ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून "बघा, वाजतंय" असं ग्राहकाला दाखवू नका. दोन टोकांचं यंत्र विजेचा रोध मोजतं, आणि भिंतीत क्षार असतील तर कोरडी भिंतही ओली दाखवतं. पूर येऊन गेलेल्या घरात तर हमखास. यंत्र वापरायचं ते तुलनेसाठी, त्याच भिंतीवर वर-खाली, डावी-उजवीकडे, कुठून कुठे आकडा चढतो हे बघायला.

बाथरूमच्या ओलीचं एक उदाहरण सांगतो, कारण या क्रमाचा उपयोग त्यात नीट दिसतो. विश्रामबागेतला फ्लॅट, बेडरूमच्या भिंतीला दोन फुटांपर्यंत ओल. मिस्त्रीचं म्हणणं, वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळं बाथरूम उखडा. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, आत्ताच तर टाइल्स आवडल्या म्हणून घर घेतलं." नहाणी ट्रॅपला बोळा घालून बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवलं, भिंतीच्या टाइलवर पाण्याच्या कडेला पेन्सिलने रेघ मारली आणि २४ तास बाथरूम बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेलाच होतं आणि पलीकडची ओल वाढली नव्हती. म्हणजे दोष फरशीचा नव्हता. मग प्लंबरने लाइनचं टोक बंद करून हातपंपाने दाब दिला. गार पाण्याच्या लाइनवरचा दाब दाखवणारा काटा जिथल्या तिथे. गरम पाण्याच्या लाइनचा काटा आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली आला. मिक्सरच्या मागची एकच टाइल काढली, तिथल्या एल्बोच्या पोटातून पाणी झिरपत होतं. सगळं बाथरूम वाचलं. तपासणीच्या दिवशी गीझर बसलेलाच नव्हता आणि ती लाइन रिकामी होती, हेही अहवालातल्या फोटोत होतं. पण ते सांगायची वेळच आली नाही.

भेगांसाठी: दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण, शेजारी तारीख, पट्टी ठेवून फोटो. महिन्याने पुन्हा फोटो. भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याच जागी आहे का ते बघा. बीमच्या खाली आडवी सरळ रेघ असेल तर काँक्रीट आणि वीट यांच्या जोडावर जाळी न बसवल्याचा तो परिणाम असतो. दिसायला वाईट, पण घराला धोका नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि रुंद होत जाणारी भेग वेगळी, तिच्याबद्दल खाली लिहिलंय.

सहावं: दोष खरा आहे, मग दुरुस्त कुणी करायचा

ग्राहक आपल्यावर रागावतो कारण त्याच्या हातात फोन नंबर आपलाच असतो. दुरुस्तीची जबाबदारी बऱ्याचदा दुसऱ्याची असते आणि ती त्याला माहीत नसते. इथे त्याला मदत करणं हा तक्रारीवरचा सगळ्यात चांगला उपाय आहे.

नवीन इमारत असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४(३) त्याला समजावून सांगा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सोयींचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. दाखवून देणं लेखी हवं. तोंडी सांगून "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" यावर वर्षं जातात. पत्राचा तांत्रिक मजकूर मी स्वतः लिहून देतो, सोबत फोटो आणि चाचणीचा निकाल जोडतो. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे लहान इमारतींत आधी नोंदणी आहे का ते बघायचं.

जुनं घर, गुंठेवारीतलं बैठं घर असेल तर बिल्डर नसतोच. तिथे विकणारा माणूस येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. पुराचं पाणी आलेलं घर नुसतं रंगवून विकलं असेल तर ग्राहकाने हा मुद्दा वकिलाला विचारावा. आपण फक्त वाट दाखवायची, कायद्याचा सल्ला द्यायचा नाही.

सातवं: पैसे

आता राहिल्या त्या तक्रारी, ज्यांत दोष दिसण्यासारखा होता, तपासणीच्या हद्दीत होता, आणि अहवालात आला नाही. इथे आडपडदा ठेवू नये. काय सुटलं, का सुटलं आणि आपण काय करू शकतो ते लेखी सांगावं. फी परत देणं, दुरुस्तीची देखरेख विनामोबदला करणं किंवा काही खर्च उचलणं, यातलं जे ठरेल ते कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि याने हा विषय मिटला असं त्यात स्पष्ट असावं. मात्र व्यावसायिक दायित्वाचा (कामातल्या चुकीची भरपाई देणारा) विमा असेल तर यातलं काहीही कबूल करायच्या आधी विमा कंपनीला कळवा. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही अशी अट या पॉलिसींमध्ये असते, आणि ती मोडली तर दावा नाकारला जाऊ शकतो.

उलट, अहवाल बरोबर असताना कटकट नको म्हणून फी परत करण्याच्या मी विरोधात आहे. पैसे परत आले की ग्राहक समजतो अहवालच चुकीचा होता, आणि त्यात लिहिलेल्या बाकीच्या दोषांकडेही तो दुर्लक्ष करतो. गच्चीचा उतार उलटा आहे असं तुम्ही लिहिलेलं असतं. फी परत घेतलेला माणूस ती गच्ची दुरुस्त करत नाही, आणि दोन पावसाळ्यांनी स्लॅबच्या सळया गंजायला लागतात.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

बीम किंवा कॉलमला भेग असेल, काँक्रीटचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसत असेल, खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग महिन्याभरात पेन्सिलच्या खुणेपुढे गेली असेल, किंवा शेजारी खोल खणल्यावर भेगा सुरू झाल्या असतील, तर आपलं मत देत बसू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी कोण देणार हा वाद नंतर घाला. डोंगराकडची भिंत पोटात फुगलेली दिसली तर त्या खोलीत झोपू नका असं त्याच दिवशी सांगा.

नळाला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन बंद आणि परवानाधारक वायरमन. गळती-संरक्षक स्विचचं (वीज गळाली की आपोआप पडणाऱ्या स्विचचं) चाचणी-बटण दाबून तो पडतो का एवढंच आपण बघायचं, बोर्ड उघडायचा नाही.

वकिलाची नोटीस आली की आपणही वकील गाठायचा, त्याच आठवड्यात. जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस असेल तर लेखी म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी पंधरा. त्यापुढे म्हणणं घेतलं जात नाही. "समजावून मिटवू" म्हणत हे दिवस घालवू नका. वकिलाकडे जाताना सहीचं पत्र, अहवाल, कॅमेऱ्यातले किंवा फोनमधले मूळ फोटो, पैसे मिळाल्याची नोंद आणि ग्राहकाशी झालेले सगळे मेसेज जसेच्या तसे न्या. एकही मेसेज पुसू नका, अहवालात आता एक अक्षरही बदलू नका. यानंतर वादाबद्दल ग्राहकाशी स्वतः बोलायचं नाही, वकिलामार्फतच. अपवाद एकाच गोष्टीचा. घरात जिवाला धोका आहे असं कळलं, छत लोंबतंय, भिंत झुकतेय, तर कोर्ट-कचेरी बाजूला ठेवून त्याच क्षणी त्यांना फोन करा, आणि फोन केल्याचं वकिलाला कळवा.